भाच्याचा अमीबा

गेले दोन शनिवार लिहायला दांडी मारली. कारण सांगितलं तर हसाल, पण सांगतो. पहिल्या शनिवारी मी जतहून पुण्याला येणाऱ्या एसटीत बसलो होतो आणि मांडीवर थर्माकोलचा डबा होता. डब्यात बर्फाच्या पिशव्या, पिशव्यांच्या मधे एक छोटी बाटली, आणि बाटलीत माझ्या सात वर्षांच्या भाच्याची शी. शेजारच्या काकांनी सांगोल्यापर्यंत दम काढला. मग विचारलंच, "पेढे का?" मी म्हटलं, "नाही हो, औषध आहे." ते म्हणाले, "मग बरंय, पेढे असते तर खराब झाले असते."

रात्री घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी रविवार, लॅब बंद. डबा फ्रीजमध्ये ठेवावा लागणार हे बायकोला कसं सांगायचं याची उजळणी मी इंदापूरपासून करत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग फ्रीजमधलं दही, लोणी, कोथिंबीर, सगळं काढून शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवलं. सोमवारपर्यंत आमच्या फ्रीजमध्ये तो डबा एकटाच नांदत होता.

तर मूळ गोष्ट अशी. माझी धाकटी बहीण जत तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. दाजींची शेती, थोडी डाळिंबं, बाकी ज्वारी-बाजरी. गावाला नळ आहे पण पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात टँकर. भाचेराव पहिल्यापासून किडमिडे. पोटात दुखतं म्हणायचे, जेवायला कंटाळायचे, अधूनमधून पातळ व्हायचं. मग तालुक्याला डॉक्टर, डॉक्टरांची चिठ्ठी, लॅबमध्ये "स्टूल रूटीन", आणि रिपोर्ट. दोन वर्षांत हे चार वेळा झालं. चारही वेळा रिपोर्टवर एकच ओळ: एन्टामिबा हिस्टोलिटिकाचे सिस्ट दिसले. आणि चारही वेळा मेट्रोनिडाझोल.

हे औषध ज्यांनी लहानपणी खाल्लंय त्यांना त्याची चव सांगायला नको. तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं वाटतं, पुढे दिवसभर पाणीसुद्धा कडू. भाचेराव अर्धी मात्रा गिळायचे, अर्धी गोठ्यात थुंकायचे, आणि कोर्स चालू असेतो जेवण बंद. म्हणजे बारीक होतो म्हणून औषध, आणि औषधाने आणखी बारीक. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये असला प्रकार झाला की त्याला आम्ही वेगळं नाव ठेवतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या रिपोर्टनंतर बहिणीचा फोन आला. "दादा, परत तेच निघालंय बघ." आवाज रडवेला. मी नेहमीसारखं म्हणणार होतो की अगं सगळ्यांनाच असतो तो, खेड्यात काय आणि पुण्यात काय. तेवढ्यात ती म्हणाली, "मामासारखं नाही ना रे होणार?"

आता मामाबद्दल सांगायला हवं.

१९८९ साली माझा मामा गेला. छत्तीस वर्षांचा होता. मी अकरा वर्षांचा, बहीण पाचची. आधी ताप यायचा, उतरायचा. मग उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, मग उजवा खांदा. खांदा दुखतो म्हणून कुणी तेल लावून चोळून दिला. वजन उतरलं, कावीळ असेल म्हणून झाडपाला झाला. लिव्हरचं दुखणं आहे हे कळलं तेव्हा गावाने निदान करून टाकलं की चोरून पीत असणार. मामा माळकरी होता, दर आषाढीला पायी जायचा, चहा सोडला तर कसलं व्यसन नाही. शेवटी मिरजेला नेलं तेव्हा लिव्हरमधलं गळू फुटलं होतं. आतून चॉकलेटी रंगाचा पू निघाला असं मोठी माणसं बोलताना मी ऐकलंय. डॉक्टरांनी सांगितलं, अमीबा. आजीने तो शब्द मरेपर्यंत सोडला नाही. आमच्यापैकी कुणी हात न धुता ताटावर बसलं की ती म्हणायची, "आमिबा हाय हाताला, ऊठ." आणि मामा पीत नव्हता हे ती भेटेल त्याला सांगायची, कुणी विचारलं नसलं तरी.

त्यामुळे आमच्या घरात अमीबा हा जुलाबाचा विषय नाही. तो मामाचा विषय आहे. बहिणीने चार वेळा तपासणी केली, चार वेळा गोळ्या दिल्या, पाचव्यांदाही दिल्या असत्या. तिला कुठल्या तोंडाने सांगणार, घाबरू नकोस?

मी आपला संगणकवाला माणूस. काही कळलं नाही की वाचत बसायचं, ही जुनी खोड. त्या रात्री वाचायला बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासात जे समोर आलं त्याने थक्क झालो. रिपोर्टवरचं ते नाव म्हणजे निदान नव्हतंच. ती फार तर शंका होती, आणि छापून मात्र निदानासारखी येत होती.

भानगड अशी आहे. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला फ्योदोर ल्योश नावाच्या डॉक्टरने १८७५ साली एका आजारी शेतकऱ्याच्या शौचात हे जीव पहिल्यांदा पाहून नोंदवले. १९०३ साली फ्रिट्झ शॉडिन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं, हिस्टोलिटिका, म्हणजे पेशीजाल विरघळवून टाकणारा. (हा शॉडिन १९०६ साली अमीबाच्याच गळवांच्या आजारपणात गेला. वय चौतीस. आमच्या मामाहून दोन वर्षांनी लहान. हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप मिटून ठेवला.) पण एक कोडं सगळ्यांना छळत होतं: इतक्या लोकांच्या पोटात हा दिसतो, मग आजारी इतके थोडेच का पडतात? १९२५ साली एमिल ब्रुम्प्ट नावाच्या फ्रेंच माणसाने सरळ उत्तर दिलं की हे एक नाही, दोन आहेत. दिसायला हुबेहूब, पण एक आतडं पोखरतो आणि दुसरा बिचारा नुसता राहतो. दुसऱ्याला त्याने नाव दिलं डिस्पार. पटलं कुणालाच नाही. दिसायला सारखे, मग वेगळे म्हणायचे कशावरून?

पन्नास वर्षं ते तसंच पडून राहिलं. मग १९७८ साली इंग्लंडमध्ये सार्जंट आणि विल्यम्स यांनी दाखवलं की दोघांची विकरं, म्हणजे एन्झाइम, वेगवेगळी आहेत. पुढे डीएनएचा पुरावा आला आणि १९९३ साली डायमंड आणि क्लार्क यांनी दोघांची रीतसर फारकत केली. ब्रुम्प्टचं म्हणणं मान्य व्हायला अडुसष्ट वर्षं लागली. आमच्याकडे एखादा बग "असं होऊच शकत नाही" म्हणून बंद करतात आणि तोच पुढे तीन वर्षांनी निघतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त मुदत मोठी.

आणि आता महत्त्वाचं. १९९७ साली मेक्सिको शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक झाली. तिथे स्पष्ट सांगितलं गेलं की नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली सिस्ट पाहून रिपोर्ट देणार असाल तर हिस्टोलिटिका लिहू नका, "हिस्टोलिटिका / डिस्पार" असं लिहा. आणि माणसाला काही त्रास नसेल, जात पक्की झाली नसेल, तर नुसत्या सिस्टसाठी औषध देऊ नका. १९९७! माझा भाचा जन्माला यायच्या वीसेक वर्षं आधी.

लॅबवाल्याला नावं ठेवायची घाई मात्र करू नका. सिस्ट म्हणजे दहा ते पंधरा मायक्रॉनचा गोल ठिपका. आयोडीनचा थेंब टाकला की आत चार केंद्रकं दिसतात. आठ दिसली तर तो एन्टामिबा कोलाय, तो निरुपद्रवी, विषय संपला. चार दिसली की पुढे डोळ्यांनी काही ठरवता येत नाही. हिस्टोलिटिकालाही चार, डिस्पारलाही चार. जुलाबाच्या ताज्या नमुन्यात हलणारा अमीबा दिसला आणि त्याच्या पोटात माणसाच्या तांबड्या पेशी दिसल्या तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो, पण असा योग क्वचित. थोडक्यात, जगातला सर्वात हुशार टेक्निशियन बसवा, तरी सिस्ट बघून तो सांगू शकणार नाही. कारण फरक दिसण्यात नाहीच, आतल्या मजकुरात आहे. दोन फायलींचं नाव एक, साइज एक, आयकॉन एक. उघडल्याशिवाय कसं कळणार?

त्यात १९४१ साली मॉस्कोच्या सांडपाण्यात तिसरा सापडला, मोश्कोव्स्की. तो पाण्यातला, माणसाशी त्याचा फारसा संबंध नाही असं बरीच वर्षं धरून चालले होते. ढाक्याच्या मीरपूर भागातल्या १०९ लहान मुलांच्या शौचाची डीएनए तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १७ मुलांत हिस्टोलिटिका, ३९ मुलांत डिस्पार आणि २३ मुलांत हा मोश्कोव्स्की निघाला. काहींच्या पोटात दोन-दोन एकत्र. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही सारखेच! मीरपूर ही शहरातली वस्ती आहे, खेडं नाही. पण आयव्हरी कोस्टमधल्या शाळकरी मुलांचं चित्र याहून बोलकं आहे. तिथल्या २००२ सालच्या अभ्यासात अमीबा असलेल्या मुलांपैकी बहुतेकांत डिस्पार होता, खरा हिस्टोलिटिका शेकड्यात एकापेक्षाही कमी मुलांत. उलट मीरपूरला तो चांगला फोफावलेला. म्हणजे "खेड्यातली पोरं, असणारच" असा अंदाजपंचे हिशेब कुठेच चालत नाही. गावागणिक तपासल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये कृष्णा खैरनार आणि सुभाषचंद्र परिजा यांनी २००७ साली या तिघांना एकाच तपासणीत ओळखणारी पद्धत प्रसिद्ध केली. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की अरे, हे तर आपलंच काम आहे.

कसं ते सांगतो. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. पीसीआर हे त्यावरचं सर्च आणि कॉपी. वीसेक अक्षरांचा एक तुकडा अलीकडे आणि एक पलीकडे द्यायचा, त्यांना प्रायमर म्हणतात. दोन्ही जिथे जुळतात त्यांच्या मधला मजकूर कॉपी होतो. नमुना ९५ अंशांच्या आसपास तापवायचा, की डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या होतात. थोडा थंड करायचा, की प्रायमर चिकटतात. ७२ अंशांवर आणायचा, की एक एन्झाइम पुढची अक्षरं जुळवत जातं. झाली एक फेरी, एकाचे दोन. तीस फेऱ्या केल्या की दोनाचा तिसावा घात, म्हणजे हिशेबाने एकाचे शंभर कोटींहून जास्त. कॅरी म्युलिसला हे १९८३ साली सुचलं आणि १९९३ साली त्याला नोबेल मिळालं. ९५ अंशांत न शिजणारं ते एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूचं आहे. उकळत्या पाण्यात कोण राहतं हे बघायला गेलेल्या माणसामुळे माझ्या भाच्याची शी तपासता येते, याची मला फार गंमत वाटते.

शोधायचं कुठे, तर रायबोसोमच्या जनुकात. हे जनुक अमीबात गोल गोल कड्यांवर असतं आणि एका पेशीत त्याच्या दोनशेच्या आसपास प्रती असतात. म्हणजे नमुन्यात अमीबा थोडे असले तरी शोधायला मजकूर भरपूर. हिस्टोलिटिका आणि डिस्पार यांच्यात हे जनुक फार थोड्या अक्षरांनी वेगळं आहे. पण थोडी का होईना, वेगळी आहेत ना? मग अडलंय कुठे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत अलीकडचा प्रायमर तिघांना सामाईक आहे आणि पलीकडचे तीन वेगळे, मुद्दाम वेगवेगळ्या अंतरावर बसवलेले. हिस्टोलिटिका असेल तर १६६ अक्षरांचा तुकडा तयार होतो, मोश्कोव्स्की असेल तर ५८०चा, डिस्पार असेल तर ७५२चा. मग जेलीच्या वडीत विजेच्या ओढीने तुकडे पळवायचे. लहान पुढे जातो, मोठा मागे रेंगाळतो. पट्टी कुठे उमटली ते बघायचं. सरळ स्विच-केस. जिपमरची पद्धत दोन टप्प्यांची, आधी एन्टामिबा कुळातला आहे का ते गाळून घ्यायचं, मग निघालेल्या मालातून जात ओळखायची. आपण दोन ग्रेप एकापुढे एक लावतो ना, तसंच.

अर्थात कागदावर सोपं. शौचात पित्तातले क्षार आणि इतर पन्नास गोष्टी असतात आणि त्या त्या एन्झाइमचा गळा दाबतात. मग अमीबा असूनही तपासणी "नाही" म्हणते. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर एक माहितीतला डीएनएही तपासतात. तो जर उमटला नाही तर "नाही" या उत्तराला अर्थ नाही. मला हे फार आवडलं. आमच्याकडे निम्म्या टेस्टकेस अशा असतात की त्या हिरव्या दिसतात, कारण त्या चाललेल्याच नसतात. शिवाय नमुना फॉर्मालिनमध्ये ठेवला तर डीएनएचे तुकडे पडतात, उघडा ठेवला तर सडतो. म्हणून ती लॅबने दिलेली खास द्रवाची बाटली, म्हणून तो बर्फ, म्हणून ते पेढेवाले काका.

मी पुण्यात चौकशी केली. नुसती अमीबाची पीसीआर सहज मिळेना. एका लॅबमध्ये जुलाबाच्या वीस-बावीस जंतूंची एकत्र तपासणी होत होती, त्यात हिस्टोलिटिका होता. किंमत पाच आकडी. दाजींना सांगितली असती तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितली नाही. त्यांना वाटतंय सातशे रुपये. (दाजी हे वाचत नाहीत, याची खात्री आहे.)

मंगळवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. मी मीटिंगमध्ये होतो, फोनवर उघडला. हिस्टोलिटिका: आढळला नाही. आतली कंट्रोल तपासणी: ठीक. आणि खाली एका ओळीत, जिआर्डिया: आढळला.

म्हणजे चार वेळा ज्याच्या नावाने गोळ्या दिल्या तो या नमुन्यात नव्हता, आणि जो खरंच होता त्याचं नाव चारही रिपोर्टांवर नव्हतं. आधीचे चार सिस्ट कुणाचे होते? बहुधा डिस्पारचे. ते नमुने कधीच फेकले गेले, त्यामुळे पैज लावायला कुणी नाही.

इथे मला जरा विजयी वगैरे वाटलं होतं, ते लगेच उतरलं. पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंना दोन्ही रिपोर्ट दाखवले. त्या म्हणाल्या, मेट्रोनिडाझोल जिआर्डियालाही चालतं, पण अर्धं थुंकून नाही. आणि बरा झाला तरी तेच पाणी प्यायला तर पुन्हा होणार. मग मी त्यांना मामाचं विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी बहिणीला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. लिव्हरच्या गळवाच्या बऱ्याच रुग्णांना जुलाब नसतातच, आणि शौच तपासलं तरी अमीबा दिसतोच असं नाही. म्हणजे बहीण दर सहा महिन्यांनी स्टूल रूटीन करून ज्या संकटावर पहारा देत होती ते त्या दाराने येतच नाही. मामाचं शौच १९८९ साली कुणी तपासलं असतं तरी कदाचित काही निघालं नसतं. त्याला वाचवलं असतं ते ताप आणि बरगडीखालचं दुखणं ऐकून वेळेत पोटाची सोनोग्राफी सांगणाऱ्या माणसाने. लहान मुलांना हे गळू होणं मोठ्या पुरुषांच्या मानाने फार कमी, हेही त्या म्हणाल्या. आणि डिस्पारमुळे तर होतच नाही. एवढं मात्र मी बहिणीला त्याच रात्री फोन करून सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई असती तर तिला सांगितलं असतं."

दुसरा शनिवार गावी गेला. बाईंनी दिलेलं औषध भाचेरावांना पोचवायचं होतं, आणि पाण्याचं बघायचं होतं. नळाची पाइपलाइन शाळेसमोरच्या गटारातून जाते, दोन ठिकाणी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी चार दिवस बंद असतं तेव्हा रिकाम्या पाइपात बाहेरचं आत ओढलं जातं, हे सांगायला इंजिनीयर लागत नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा दोन हॉटेलांच्या नळजोडणीतून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. हजाराहून जास्त लोकांना अमीबा झाला आणि शंभराच्या आसपास माणसं दगावली. तिथे त्या काळात ही गत, तर आमच्या सायकलच्या ट्यूबचं काय घेऊन बसलात. जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो, पण नेहमीच्या क्लोरीनला अमीबाचे सिस्ट दाद देत नाहीत. उकळलं तर मरतात. बहिणीने आता पिण्याचं पाणी उकळायला सुरुवात केलीय. गॅस सिलेंडरचा हिशेब दाजींनी मांडला, मी ऐकून घेतला.

मग मला राहवेना म्हणून तालुक्याच्या त्या लॅबमध्ये गेलो. भांडायला नाही. म्हणजे, थोडासा भांडायलाच. तिथे पंचविशीतला एक मुलगा एकटा बसला होता. समोर स्लाइडची रांग, एक डोळा सूक्ष्मदर्शकात, एक हात माउसवर. मी भाच्याचा रिपोर्ट दाखवला आणि विचारलं, हिस्टोलिटिका कशावरून लिहिलंत? तो म्हणाला, "सर, मला माहितीये डिस्पार असू शकतो. डीएमएलटीला शिकवलंय." मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पण हे बघा."

रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये "सिस्ट" समोर एक ड्रॉपडाऊन होता. त्यात पर्याय होते: दिसले नाहीत, एन्टामिबा हिस्टोलिटिका, एन्टामिबा कोलाय, जिआर्डिया. बस. चार केंद्रकांचं काही दिसलं की तो दोन नंबरचा पर्याय निवडणार, दुसरं करणार काय?

माझी भांडणाची तयारी तिथेच संपली. कारण तो ड्रॉपडाऊन मी ओळखला. म्हणजे ते सॉफ्टवेअर माझं नव्हे, कुणा दुसऱ्याचं. पण २००१ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी व्हिज्युअल बेसिकमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबसाठी अगदी असाच प्रोग्रॅम लिहिला होता. त्यांचं जुनं छापील रिपोर्टचं पॅड समोर ठेवलं आणि त्यावरचे शब्द एकामागोमाग मास्टर टेबलात टाईप केले. अर्ध्या दिवसाचं काम. हिस्टोलिटिकाचं स्पेलिंग दोनदा तपासल्याचं आठवतं. अर्थ कुणाला विचारल्याचं आठवत नाही. त्या वेळी मेक्सिकोची बैठक होऊन चार वर्षं झाली होती. तो प्रोग्रॅम पुढे कितीतरी लॅबमध्ये गेला, माझ्या साहेबांनी विकला, मला त्याचा अभिमान होता. किती पोरांनी माझ्या त्या अर्ध्या दिवसापायी तोंडात गंजका खिळा धरला असेल, हे मोजायला कुठलंही लॉग नाही.

मी त्या मुलाला विचारलं, मास्टरमध्ये नवीन ओळ टाकता येते का? तो म्हणाला, "येते, पण सरांना विचारायला लागेल." सर म्हणजे रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर, आठवड्यातून दोनदा येणारे. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. मी चाचरत सगळं सांगितलं. ते मधेच म्हणाले, "अहो, मला माहीत नाही का? पण गावातल्या डॉक्टरांना स्लॅश चालत नाही. त्यांना एक नाव लागतं, त्याच्यासमोर एक गोळी लिहायची असते." मग थोडं थांबून म्हणाले, "टाका. उद्या कुणी विचारलं तर तुमचा नंबर देऊ का?" मी म्हटलं, द्या.

त्या मुलाने टाईप केलं: एन्टामिबा हिस्टोलिटिका / डिस्पार. जुना पर्याय काढून टाकला नाही, तांबड्या पेशी दिसल्या तर लागेल म्हणाला. ते मला सुचलं नव्हतं.

भाचेरावांनी औषध या वेळी न थुंकता घेतलं, बहीण उशाशी बसून होती. पंधरा दिवस झालेत. पोटदुखीची तक्रार नाही, वजन म्हणाल तर काट्यावर फरक दिसेल असं काही नाही. दोन भाकऱ्या खातो म्हणे, त्यातली एक मला फोनवर दाखवून खाल्ली.

काल रात्री बहिणीचा फोन. तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या मुलीचा रिपोर्ट आलाय, त्यावर नवीनच काहीतरी लिहिलंय आणि डॉक्टरांनी विचारलंय की हे काय. "दादा, हे मधे तिरकी रेघ मारलीय ते काय? गोळ्या द्यायच्या का नाही द्यायच्या?"

मी म्हटलं, "ते मी नाही सांगायचं, डॉक्टरांना माझा नंबर दे, बोलतो त्यांच्याशी. पण आधी विचार, पोरीला ताप आहे का, रक्त पडतंय का, आणि मुळात तपासायला नेली कशाला होती?"

"थांब," ती म्हणाली, आणि फोन तसाच ठेवून भिंतीपलीकडे हाक मारायला गेली.